दहा व्होल्टांचा पायगुण

१४ नोव्हेंबर

मशीन आली. मेहकरच्या रुग्णसेवा मंडळाची गाडी सकाळीच फाटकाशी उभी राहिली. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारी मशीन. आमच्या गव्हाच्या कोठीपेक्षा थोडी लहान, खाली चाकं. चांगुणाच्या पलंगाला लावून ठेवली, बटण तिच्या उशाकडच्या बोर्डावर. फुफ्फुसं आकसत चालली आहेत, दिवसरात्र ऑक्सिजन लागेल, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. पुढचं सारिकाला फोनवर सांगितलं असावं, कारण तेव्हापासून आमची पोरगी नाशिकहून रोज फोन करते आणि माझ्याशी उगाच गोड बोलते.

मशीन आणणारे शेषराव जाताना माझ्या कानाशी येऊन ओरडले. मी बहिरट आहे हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. "सर, होल्टेजवर लक्ष ठेवजा. आतली मोटर नाजूक राह्यते. आमच्यापाशी तीनच मशीना आहेत, अन् याच्यामांगं बीबी गावच्या एका बाईचा नंबर आहे."

मी म्हटलं, काळजी सोडा, जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं आहे. चांगुणा पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, "कोण आहे जी ते बाई? लेकरं लहान आहेत का तिचे?" शेषरावांना ते माहीत नव्हतं.

ओसरीत दाराशेजारी काट्याचा व्होल्टमीटर बसवून घेतला. येता-जाता दिसेल. ही डायरी मी त्याच्यासाठीच सुरू करतो आहे. मनातलं वगैरे लिहिणं मला जमत नाही.

१६ नोव्हेंबर

सकाळी २०५. दुपारी १७३. मशीनसोबत स्टॅबिलायझर दिला आहे, पण व्होल्टेज फार पडलं की तो टकटक करतो म्हणे. मला ऐकू येत नाही, चांगुणा सांगते.

कारण उघड आहे. आमचं घर डोणगावच्या या टोकाचं शेवटचं. विजेचा खांब दोन वावरं पलीकडे, तिथून बारीक ॲल्युमिनियमची तार लोंबत आली आहे. त्यात गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस. दुपारी शेतीची लाईन आली की झाडून साऱ्यांच्या मोटरी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सुरू होतात. रिटायर झाल्यावर गावाबाहेर मोकळ्या हवेत राहू, हा हट्ट माझाच होता. हवा मोकळी आहे, पण तिला ती पुरत नाही.

१९ नोव्हेंबर

आज मोजमाप केलं. करंट मोजायचा चिमटा शाळेतून मागून आणला. मशीन दोन अँपिअर घेते. व्होल्टेज गुणिले धारा म्हणजे शक्ती, १७३ गुणिले २, म्हणजे दुपारी मशीनला साडेतीनशे वॅटही मिळत नाहीत.

मग तारेचा रोध काढला. मशीन चालू असतानाच इस्त्री लावली. इस्त्री चार अँपिअर घेते. काटा २०५ वरून १८५ वर आला. वीस व्होल्ट भागिले चार अँपिअर, रोध पाच ओहम. आठवीतलं पोरगं करील असं गणित, पण स्वतःच्या घराचं म्हणून दोनदा करून पाहिलं. पाच ओहम म्हणजे मशीनचे दोन अँपिअर या तारेतून आणायचे तर दहा व्होल्ट वाटेतच जातात. नवा खांब घराजवळ आला, की तिचे हे दहा व्होल्ट तिला मिळतील. उद्यापासून खांबाच्या मागे लागतो.

२२ नोव्हेंबर

चांगुणाने विचारलं, दिवसभर काय लिहून राह्यले? मी डायरी दाखवली. इतक्या वर्षांत तिने मला माझ्या विषयातलं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मी जरा फुशारलो. म्हटलं, तार म्हणजे पाइप समज. तोटी बंद असली की पाइपात दाब पूर्ण असतो. तोटी उघडली, पाणी वाहायला लागलं, की लांब बारीक पाइपात दाब कमी होतो. तो कमी करणारा तो रोध.

"अन् वाटेत जे जाते ते कोणाले भेटते?"

"कोणालाच नाही. तार गरम होते, बस."

"मंग पाखरं तेच्यासाठीच बसत असतीन थंडीत," ती म्हणाली आणि हसता हसता तिला ढास लागली. पाठीवरून हात फिरवत राहिलो. हाताला नुसती हाडं लागतात.

श्वास खाली बसल्यावर तिने तिच्या बाबांच्या मोटरीची गोष्ट सांगितली. ही मी लग्नापासून ऐकतो आहे. लाईन डिम असताना बाबांनी हट्टाने मोटर चालू ठेवली, मोटर जळाली, आणि त्या साली हरभरा उभ्यानं वाळला. "तेव्हापासून लाईन डिम झाली का आमच्या घरी लेकरू पण पहिले धावत जाऊन बटण बंद करे. तो टकट्या वाजते न, तवा मले बाबाची मोटरच आठवते."

मी म्हटलं, ही मोटर जळणार नाही, मी बसलो आहे ना.

२६ नोव्हेंबर

वीज कंपनीच्या ऑफिसात खांबाचा अर्ज दिला. साहेब भले वाटले, मंजुरी वरून येते म्हणाले. दुपारी दुपारी येत जा, तेव्हा भेटतो.

तिथून भागवतच्या वावरात गेलो. भागवत माझा विद्यार्थी, गणितात कच्चा, शेतीत पक्का. त्याला म्हटलं, डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम चालू करता, त्यापेक्षा पाळी लावा. अर्ध्यांनी आज, अर्ध्यांनी उद्या. तुमच्या काकूला श्वास घेता येईल. भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, तुम्ही सांगतलं न, झालं समजा. मी साऱ्याईले सांगतो."

२८ नोव्हेंबर

भागवतने शब्द राखला! दुपारी ऑफिसातून आलो तर काटा १८३ वर. गेले दोन आठवडे या वेळी १७३ च्या वर कधी पाहिला नव्हता. मी ओसरीत उभा राहून मोठ्याने हसलो. पण पायावर पाणी घेऊन आत जायला निघालो तोवर काटा पुन्हा १७३ वर उतरला होता. कोणीतरी मोटर टाकली असणार. पाळी लागायला चार दिवस जातीलच.

चांगुणा दमलेली दिसली. ओठ काळे पडले होते. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन कमी दाखवत होता. मी जवळ बसलो, तिचा हात हातात घेतला, आणि आकडा हळूहळू वर आला.

२ डिसेंबर

हे आता रोजचं झालं आहे. दुपारी फाटकातून आत येतो तेव्हा काटा १८३. दोन मिनिटांनी १७३. मी चांगुणाला म्हटलं, "मी घरात शिरलो की दहा व्होल्ट पडतात. माझा पायगुणच असा."

ती आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जवळ बसले का माह्या बोटावरचा आकडा वाढते, ते नाही का दिसत? अर्धा पायगुण वाईट अन् अर्धा चांगला."

ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात पायगुण सुनांचा पाहत. माझ्या आईने हिचा चांगला ठरवला होता, कारण हिच्या पावलाने मला शाळेची ऑर्डर आली. म्हातारपणी माझा पायगुण निघतो आहे.

स्कूटरचा सायलेन्सर फुटला आहे. अख्खी आळी दचकते म्हणतात. मला काही त्रास नाही. मेकॅनिककडे टाकतो म्हणालो तर चांगुणा म्हणाली, राहू द्या, तुम्ही आले ते मले दुरून कळते.

६ डिसेंबर

दरवर्षी आजच्या दिवशी ती पांढरी साडी नेसून विहारात जाते. यंदा घरीच. साडी मात्र नेसली, मी निऱ्या धरल्या. बाबासाहेबांच्या फोटोपुढे तिला स्वतःच्या हाताने मेणबत्ती लावायची होती. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, हे मी तिला तीनदा बजावलं. ती म्हणाली, "मशीन बंद करतो न मी थोडी. मले येते बंद-चालू करता." आणि उशाकडे हात न पाहता नेऊन बटण बंद केलं, नळी काढून ठेवली. पुढच्या खोलीपर्यंत माझ्या आधाराने गेली. वंदना पूर्ण म्हटली. मध्ये थांबत थांबत, पण पूर्ण.

परत आणून नळी लावली, मशीन चालू केली. मी तिच्याआधी जाईन असं मी धरून चाललो होतो. तिच्याशिवाय चहासुद्धा मला धड करता येत नाही.

९ डिसेंबर

शेजारच्या अंबूबाई दुपारी चांगुणाजवळ बसतात. आज फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "सर, दुपारी कसं शांत वाटते तुमच्या घरी. चार गोष्टी बोलता येतात." मी म्हटलं, मला तर बारा महिने शांतच वाटतं. त्यांना आणखी काही बोलायचं होतं बहुतेक. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या आणि गेल्या.

१२ डिसेंबर

भागवत बाजारात भेटला. भर चौकात त्याचे हात धरून आभार मानले. तुझ्या पाळीमुळे दुपारी दहा व्होल्ट वाढतात, म्हटलं. तो नुसता "हाव सर, हाव सर" करत राहिला. लाजाळू आहे पहिल्यापासून.

पण चांगुणाची तब्येत काही सुधरत नाही. माझं गणित चुकतंय कुठंतरी. व्होल्टेज वाढलं तर तिला जास्त श्वास मिळायला हवा. दुपारी तर काटा वर असतो आणि नेमकी दुपारीच ती जास्त दमते. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा आहे, सर. सारिका पुढच्या आठवड्यात रजा घेऊन येते आहे.

१५ डिसेंबर

साहेबांनी फोन केला. फाइल मंजुरीला लागली, उद्या येऊन सही करा.

रात्रीच्या भाकरीला चांगुणाने हात लावला नाही. म्हणाली, "उद्या नोका जाऊ. बसा जवळ."

मी समजावलं की उद्या गेलो म्हणजे काम संपलं, मग रोज जवळच बसतो. ती म्हणाली, "तुमाले होल्टेजचं लय वेड." चिडून म्हणाली नाही.

२१ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. सारिका म्हणाली, बाबा, लिहा, नाहीतर छातीत बसेल.

१६ तारखेला सही करून दुपारी आलो. खांब मंजूर झाला होता. येताना तिला आवडतात म्हणून संत्री घेतली. ओसरीत काटा १८३ वर. मी सवयीने थांबलो, आता पडेल म्हणून. पडला नाही. पायावर पाणी घेतलं, पुन्हा पाहिलं. १८३. माझा पायगुण सुधारला, असं आत गेल्याबरोबर तिला सांगायचं ठरवलं. गंमत म्हणून आणखी थोडा वेळ उभा राहिलो. संत्र्यांची पिशवी हातात घेऊन मी त्या काट्याकडे पाहत उभा होतो.

आत ती कुशीवर होती. नळी नाकात होती. एक हात उशाकडे, बोर्डापर्यंत गेलेला. मशीन बंद होती. अंबूबाई त्या दिवशी मोताळ्याला लेकीकडे गेल्या होत्या. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. म्हणाले, आज ना उद्या हे होणारच होतं. जीव घाबरा होऊन तिने हात मारला असेल आणि चुकून बटण बंद झालं असेल, असं मी सारिकाला सांगितलं. मलाही तसंच वाटतं.

हात अजून गरम होता. मी नळाखाली पाय धूत होतो तेव्हा ती होती का, हे मला कोणी सांगू शकत नाही.

२९ डिसेंबर

काल चांगुणाच्या नावाने पुण्यानुमोदन झालं. गाव लोटलं होतं. सारे पांगल्यावर भागवत माझ्यापाशी येऊन बसला. बराच वेळ चटईच्या काड्या मोडत होता.

"सर, एक सांगू का? पाळी आम्ही लावलीच नव्हती. मी दोघा-तिघाईले म्हटलं, पण कोणी आयकलं नाही. पाण्याचे दिवस, कोण थांबते? तुम्ही चौकात आभार मानले तवा मले बोलताच आलं नाही."

त्याला म्हटलं, जाऊ दे. राग आला नाही. त्याचं पीक, त्याचं पाणी.

पण मग दुपारी काटा वर कशाने जात होता?

३ जानेवारी

शेषराव मशीन न्यायला आले. बीबीच्या बाईला आज संध्याकाळपर्यंत पोचवायची आहे. दुपारची वेळ होती. म्हणाले, चालवून पाहतो. मी ओसरीत खुर्ची टाकून बसलो होतो, समोर व्होल्टमीटर. आता त्याच्याकडे पाहण्यासारखं काही नव्हतं, नजर आपली सवयीने तिकडे.

काटा १८३ वर होता. शेषरावांनी आत बटण दाबलं. काटा १७३ वर आला.

मी उठून उभा राहिलो. ओरडून म्हटलं, बंद करा. १८३. चालू करा. १७३. बंद करा.

शेषराव दारात आले. "काही बिघाड आहे का सर?"

दोन अँपिअर गुणिले पाच ओहम. मीच काढलेले दहा व्होल्ट. तोटी बंद असली की पाइपात दाब पूर्ण असतो, हेही तिला मीच सांगितलं होतं. मी ज्याला वाढलेलं व्होल्टेज समजून हसत होतो, ती बंद पडलेली मशीन होती. दुपारी मी बाहेर असताना ती मशीन बंद ठेवत होती. स्कूटर फाटकाशी वाजली की उशाकडे हात नेऊन चालू करत होती. मी पाय धुऊन आत येईपर्यंत काटा उतरायचा, आणि मी जवळ बसलो की तिच्या बोटावरचा आकडा वाढायचा. आणि १६ तारखेला तो हात बंद करायला गेला नव्हता. स्कूटर तिने ऐकली होती.

अंबूबाईंना हाक मारली. त्या माझ्या तोंडाकडे पाहूनच रडायला लागल्या. "मी लय सांगतलं जी. पण तो टकट्या वाजला का ताई बटण बंदच करत. म्हणत, बाबाची मोटर जळाली तशी हे जळन, मंग त्या बीबीवालीले काय देतीन? लाईन सुदरली का लावतो म्हणत. सरले सांगू नोको, ते जीवाले लावून घेतीन, अशी शपथ घातली मले."

लाईन सुधारली का, हे तिला पलंगावरून दिसत नव्हतं; मला कळू नये म्हणून मी आलो की ती मशीन लावायची. मी आलो म्हणजे लाईन आली, एवढंच तिचं गणित.

शेषरावांनी मशीन पुसून गाडीत चढवली. म्हणाले, "सर, इतकी चांगली मशीन वापस कोणी नाही देत. आतली मोटर नव्यासारखी आहे."

मी म्हटलं, "हो. सांभाळली तिने."

मशीन गेली. रस्त्याच्या कडेला नवा खांब येऊन पडला आहे, उद्या उभा करतील. मी स्कूटर काढली. फाटकाबाहेर चौकापर्यंत गेलो, वळून परत आलो. फाटकाशी ॲक्सिलरेटर दोनदा जोरात पिळला, मलासुद्धा ऐकू आला इतका. ओसरीत येऊन काट्यासमोर उभा राहिलो. पायावर पाणी घेतलं. पुन्हा येऊन उभा राहिलो.

काटा १८३ वर होता. तो खाली येईना.